लोकलच्या सव्वा तासात ऐकायला हिप हॉपचे अल्बम सुचवा (आणि कसे ऐकायचे तेही)

डोंबिवली_स्लो

सुटी गाणी बरीच ऐकून झाली आहेत. डिव्हाइन, नेझी, सीधे मौत, बाहेरचे एमिनेम आणि केंड्रिक. आता अख्खे अल्बम ऐकायचे आहेत. ‘सर्वकालीन श्रेष्ठ ५०’ छापाच्या याद्या ढिगाने मिळतात, पण त्यात सुरुवात कुठून करायची हे कोणी सांगत नाही.

नॅजचा इलमॅटिक दोनदा लावला. चांगला आहे हे समजतं, पण तो लोक एवढा डोक्यावर का घेतात ते समजलं नाही. मॅडव्हिलनी तर अर्धवट वाटला. गाणी दोन मिनिटांत संपतात, कोरसचा पत्ता नाही.

ऐकण्याची जागा: डोंबिवली ते सीएसएमटी स्लो, सव्वा तास, वायरवाले इअरफोन. इंग्रजी सगळं कळत नाही, मग शब्द वाचत ऐकावं की नुसतं ऐकावं? आणि मराठीत किंवा मुंबईचं असं काही आहे का, जे अल्बम म्हणून उभं राहतं? कृपया नुसती नावं नकोत, का ऐकावं तेही लिहा.

---

साडेसोळा_बार

इलमॅटिक सोडू नकोस, फक्त ऐकण्याची पद्धत बदल. १९९४ चा अल्बम, ४० मिनिटांच्या आत संपतो. डोंबिवलीला सुरू केलास तर साधारण घाटकोपरला संपेल. दहा ट्रॅक, त्यातला पहिला नुसती प्रस्तावना, म्हणजे गाणी नऊच. पाहुणा रॅपर एकच, एझी. नॅज तेव्हा वीस वर्षांचा.

डोक्यावर घेण्याचं पहिलं कारण बीटमध्ये आहे. त्याआधी साधारण रीत अशी होती की एका अल्बमला एक निर्माता, म्हणजे बीट रचणारा, किंवा एक टीम. इथे डीजे प्रीमियर, पीट रॉक, क्यू-टिप, लार्ज प्रोफेसर आणि एल.ई.एस. असे पाच जण आहेत, आणि तरी अल्बम एका गल्लीत, एका रात्रीत घडल्यासारखा वाटतो. पुढे पाच-दहा निर्माते घेऊन अल्बम करायची प्रथाच पडली. मात्र बहुतेकांचं कडबोळं झालं.

दुसरं कारण शब्दांत आहे, आणि ते पकडायला मोजावं लागतं. हे एकदा करून बघ: ‘एन. वाय. स्टेट ऑफ माइंड’ लाव. किक आणि स्नेअर ओळख. किक म्हणजे खालचा जड ‘धम’, स्नेअर म्हणजे दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पडणारा ‘टाक’. चार ठोक्यांचा एक बार. आता बोटांच्या पेरांवर बार मोज. नेहमीचं कडवं १६ बारांचं असतं. ९० बीपीएमच्या (मिनिटाला ९० ठोके) बीटवर १६ बार म्हणजे ६४ ठोके, सुमारे ४३ सेकंद, मग हुक, म्हणजे कोरस. इथे सोळा बार उलटून जातात, बोटं संपतात आणि हा माणूस अजून बोलतोच आहे. शेवटी हुक येतो तोही गायलेला नाही, रॅकिम या आधीच्या पिढीतल्या रॅपरच्या रेकॉर्डवरून घेतलेल्या आवाजाचा स्क्रॅच आहे. सुरुवातीला तो पुटपुटतो की कुठून सुरू करावं समजत नाही, आणि पुढच्या क्षणी जे सुटतो ते थांबत नाही. त्या पुटपुटण्यासकट ऐकायचं.

यमक ओळीच्या शेवटी शोधू नकोस. ओळीच्या पोटात शोध. एक ध्वनी तो चार-पाच बार फिरवत ठेवतो, आणि वाक्य एका बारमधून दुसऱ्यात सांडतं. म्हणून नुसत्या पार्श्वभूमीला लावलं की ‘चांगलं आहे’ एवढंच हाती लागतं.

शब्दांचं म्हणशील तर पहिल्या खेपेला नुसतं ऐक. दुसऱ्या खेपेला एकच गाणं निवडून शब्द वाच. माझ्या मते ‘वन लव्ह’ निवड. ते तुरुंगातल्या मित्राला लिहिलेल्या पत्रांच्या रूपात आहे, त्यामुळे इंग्रजी कच्चं असलं तरी धागा सुटत नाही. तिसऱ्या खेपेला परत न वाचता. अख्ख्या अल्बमचे शब्द एकदम वाचायला बसलास तर परीक्षेचा अभ्यास होईल.

आणि कान तयार व्हायला शेवटचं गाणं आधी ऐकलंस तरी चालेल. त्यात मायकल जॅक्सनच्या ‘ह्यूमन नेचर’चा तुकडा आहे, ओळखीचा सूर लगेच सापडतो.

---

कट्ट्यावरची_ताई

वरच्या दादांशी अर्धी सहमत. इलमॅटिक थोर आहे, पण नवख्याला पहिला तो देऊ नये. तो शब्दांवर उभा आहे आणि इथे अडचण शब्दांचीच आहे.

ट्राइब कॉल्ड क्वेस्टचा ‘द लो एंड थिअरी’ (१९९१) आधी लाव. नावातच बास आहे. पहिलं गाणं सुरू होतं ते नुसत्या बासच्या सुरावटीवर, मग क्यू-टिपचा आवाज, ड्रम त्यानंतर. म्हणजे थर एकेक करून चढतात आणि बीट कशी रचतात ते आपोआप कळतं. ‘व्हर्सेस फ्रॉम द अ‍ॅब्स्ट्रॅक्ट’मध्ये जॅझवाल्या रॉन कार्टरने स्वतः डबल बास वाजवला आहे. क्यू-टिप मऊ बोलतो, त्याचा जोडीदार फाइफ टोचून बोलतो. दोन आवाजांचा हा फरक इंग्रजी न कळणाऱ्यालाही कळतो.

त्यानंतर आऊटकास्टचा ‘अक्वेमिनाय’ (१९९८). न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस यांच्या भांडणात अटलांटाला कोणी मोजत नव्हतं, तिथली ही जोडी. यात खरी वाद्यं आहेत. ‘रोझा पार्क्स’मध्ये मध्येच माऊथ ऑर्गन घुसतो आणि बीट गावच्या जत्रेत गेल्यासारखी होते. ‘स्पॉटी-ऑटी-डोपालिशस’ सात मिनिटांचं आहे आणि त्याचा जीव ब्रासच्या एका ओळीत आहे. ती ओळ घरी पोचेपर्यंत डोक्यातून जात नाही. दोष सांगायचा तर अल्बम लांब आहे, सव्वा तास अख्खा खातो. पण तुझा प्रवास तेवढाच आहे ना.

डॉ. ड्रेचा ‘द क्रॉनिक’ (१९९२) प्रत्येक यादीत सापडेल. वाजण्याच्या बाबतीत त्याला तोड नाही. नुसते तुकडे उचलण्याऐवजी ड्रेने वादकांकडून सुरावटी पुन्हा वाजवून घेतल्या, म्हणून आवाज इतका स्वच्छ आणि रुंद. पण बायकांबद्दल त्यात जे बोललं जातं ते ऐकवत नाही, आणि ‘तो काळच तसा होता’ हे उत्तर मला पटत नाही. त्याच काळात क्वीन लतीफाही होती. एकदा ऐक, आवाज कसा मिसळला आहे ते शिक आणि पुढे जा.

पुढे म्हणजे कुठे? लॉरिन हिलचा ‘मिसएज्युकेशन’ (१९९८). ग्रॅमीत वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरलेला पहिला हिप हॉप अल्बम हाच, १९९९ मध्ये. ती रॅप करते तेव्हा भल्याभल्यांना भारी पडते आणि गाते तेव्हा वेगळीच बाई वाटते. गाण्यांमध्ये शाळेच्या वर्गातले संवाद आहेत. तिसऱ्या खेपेला ते कंटाळवाणे होतात, खुशाल पुढे ढकल. मिसी एलियटचा ‘सुपा डुपा फ्लाय’ (१९९७) टिंबलँडच्या बीटसाठी. ड्रम अडखळल्यासारखे पडतात आणि मधली मोकळी जागाच वाजते. अलीकडचं हवं असेल तर लंडनची लिटल सिम्झ, ‘समटाइम्स आय माइट बी इंट्रोव्हर्ट’ (२०२१). तिला त्यासाठी मर्क्युरी पुरस्कार मिळाला.

---

चोरबाजार_तेहतीस

अल्बमवर वाद चालू द्या, आधी फोन नीट करा. निम्म्या लोकांना अल्बम आवडत नाही म्हणजे सेटिंगच बिघडलेलं असतं.

शफल बंद. हे सगळे जाणतात, तरी चालू राहतं. काही अ‍ॅपमध्ये अल्बमवरचं मोठं बटण दाबलं की शफलच सुरू होतं, म्हणून पहिल्या गाण्यावर बोट ठेवून सुरू करा.

क्रॉसफेड शून्य सेकंद, गॅपलेस चालू. क्रॉसफेड ठेवलात तर एका गाण्याची शेपटी दुसऱ्याच्या डोक्यावर चढते. मॅडव्हिलनी, डोनट्ससारख्या अल्बमांत तुकडे मुद्दाम कापून लावलेले आहेत. तिथे सहा सेकंदांचा क्रॉसफेड म्हणजे कापलेल्या कडा घासून गुळगुळीत करणं.

गाण्यापुढे ‘ई’ची (एक्सप्लिसिट, म्हणजे न गाळलेलं) खूण आहे का बघा. घरच्या सामाईक खात्यावर शिव्यांची गाळणी लावलेली असेल तर ‘क्लीन’ आवृत्ती वाजते. त्यात नुसती शिवी जात नाही, तिच्यासोबत ठोक्यावर पडणारा शब्द जातो आणि लय लंगडते.

‘डिलक्स’पासून सावध. केंड्रिकचा ‘गुड किड, मॅड सिटी’ (२०१२) बाराव्या ट्रॅकला संपतो आणि शेवटी कॅसेट मागे फिरवल्याचा आवाज येतो. तो खरा शेवट. डिलक्समध्ये त्यानंतर आणखी गाणी जोडली आहेत. ती वाईट नाहीत, पण सिनेमा संपून दिवे लागल्यावर कापलेली दृश्यं दाखवल्यासारखं होतं. बारावर थांबायचं. त्याच्याच ‘डॅम’चा (२०१७) उलटा प्रकार आहे. त्याची कलेक्टर्स आवृत्ती निघाली तीच शेवटून पहिल्यापर्यंत गाणी लावून. दोन्ही क्रम चालतात आणि गोष्टीचा अर्थ बदलतो. या अल्बमला २०१८ चं संगीताचं पुलित्झर मिळालं.

डाऊनलोड घरीच वायफायवर करून ठेवा. ३२० केबीपीएसला ४० मिनिटांचा अल्बम सुमारे ९६ एमबी होतो. मुंब्रा-कळवा पट्ट्यात रेंज गेली की अ‍ॅप गुपचूप दर्जा खाली आणतं आणि आधी मरतात ते झांजेचे आवाज.

इअरफोनमध्ये बास हा किमतीवर कमी आणि कानात बसण्यावर जास्त अवलंबून असतो. रबरी टिप सैल असेल तर बास गळून जातो आणि मग माणूस आवाज वाढवतो. लोकलची घरघर खालच्या सुरांतली असते, ती नेमका बासच झाकते. म्हणून आवाज वाढवू नका, टिप बदला. ताईंनी सांगितलेलं ट्राइबचं पहिलं गाणं चाचणीला उत्तम. पहिल्या दहा सेकंदांत बासची प्रत्येक नोट वेगळी ऐकू आली पाहिजे, नुसतं ‘हूं’ नाही. इक्वलायझरचा ‘बास बूस्ट’ लावाल तर किक आणि बास यांचा गोळा होतो. नकोच तो.

जुन्या अल्बमांचा आवाज मळका का, हा प्रश्न पुढे येणारच, म्हणून आत्ताच लिहितो. पीट रॉकसारखे लोक एसपी-१२०० नावाच्या मशीनवर काम करायचे. १२ बिट, सॅम्पलिंग २६ किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे १३ किलोहर्ट्झच्या वरचं काही उरतच नाही. एकूण जागा दहा सेकंदांची, तीही अडीच-अडीच सेकंदांच्या तुकड्यांत. जागा वाचवायला मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ वर फिरवून सॅम्पल, म्हणजे जुन्या गाण्याचा तुकडा, घ्यायचे आणि मशीनमध्ये वेग उतरवायचे. अडीच सेकंदांत जवळजवळ ३.४ सेकंदांचं संगीत बसायचं. वेग उतरवताना आवाजाला जी खरखर आणि जडपणा यायचा, तोच पुढे त्या काळाचा आवाज झाला. म्हणजे ‘मळका’ आवाज ही मुळात काटकसर आहे.

---

डोंबिवली_स्लो

क्रॉसफेड खरंच १२ सेकंदांवर होता! बंद केला. सगळ्यांचे आभार.

पण मॅडव्हिलनीचं कोणी बोललं नाही. आणि एक शंका. जुने अल्बम ४० मिनिटांचे, मग नवे दीड-दीड तासाचे का?

---

साडेसोळा_बार

लांबीचं आधी, ते सोपं आहे. एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटांपेक्षा जास्त भरलं की खाचा बारीक होतात, आवाज उतरतो, बास पातळ होतो. म्हणून ४० मिनिटं. मग सीडी आली, ७४ मिनिटं, पुढे ८०. नव्वदच्या दशकात रिकामी जागा भरायला स्किट (गाण्यांमधले छोटे संवाद) आणि मित्रांची गाणी कोंबली गेली. तिसरा धक्का स्ट्रीमिंगचा. डिसेंबर २०१४ पासून बिलबोर्डने अल्बमच्या यादीत स्ट्रीमही धरायला सुरुवात केली, तेव्हा १५०० स्ट्रीम म्हणजे एक अल्बम. मग २५ गाण्यांचा अल्बम एकदा लावला की १० गाण्यांच्या अडीचपट गणती. कलेपेक्षा हिशोब मोठा.

याच्या उलट जाणारेही आहेत. पुशा टीचा ‘डेटोना’ (२०१८), सात गाणी, २१ मिनिटं, एक ओळ फालतू नाही. डोंबिवलीला लावलास तर ठाण्याच्या आसपास संपला. अर्ल स्वेटशर्टचा ‘सम रॅप साँग्ज’ही त्याच वर्षीचा, पंधरा गाणी पंचवीसेक मिनिटांत. तो मात्र पहिल्याच आठवड्यात नको. बीट मुद्दाम चुरगळलेल्या आहेत, आवाज मिक्समध्ये मागे पुरलेला आहे. कान सरावला नसेल तर फोन खराब झाला असं वाटेल.

---

चोरबाजार_तेहतीस

मॅडव्हिलनी माझ्याकडे.

२००४, एमएफ डूमचे शब्द, मॅडलिबच्या बीट, २२ ट्रॅक ४६ मिनिटांत. तुला अर्धवट वाटला ते बरोबरच आहे, कारण तुझा कान कोरसची वाट बघतोय. कोरस ही विश्रांतीची जागा असते. इथे ती काढूनच टाकली आहे. ट्रॅक म्हणजे एक कल्पना, ती संपली की कात्री. कॉमिक वाचतो तशी चौकटीमागून चौकट. डूम स्वतः खलनायकाचा मुखवटा घालून वावरायचा आणि मध्ये येणारे जुन्या कार्टून-सिनेमांचे आवाज त्या चौकटी जोडतात.

‘अ‍ॅकॉर्डियन’ ऐक. ड्रम जवळपास नसल्यासारखेच, एक रडका पेटीसारखा सूर गोल फिरतो आणि डूम त्यावर थकलेल्या आवाजात, ठोक्याच्या किंचित मागे बोलत राहतो. दोन मिनिटंसुद्धा पूर्ण नाहीत. पण यमक बघ. ओळीतल्या जवळपास प्रत्येक अक्षराला जोडीदार आहे आणि तरी बोलणं पानवाल्याशी गप्पा मारल्यासारखं. ही दोन टोकं एकत्र ठेवणं फार कमी जणांना जमलं.

सुरुवातीला २२ ट्रॅक सुटे धरू नकोस. एकच ४६ मिनिटांचं गाणं समज, फोन खिशात ठेव, ट्रॅकचं नाव बघायचंच नाही.

तो पचला की जे डिलाचा ‘डोनट्स’. शब्द नाहीतच, नुसत्या बीट, ३१ ट्रॅक. ७ फेब्रुवारी २००६ ला, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी आला आणि तीन दिवसांनी तो गेला. डिलाचे ड्रम घड्याळाप्रमाणे पडत नाहीत. मशीन प्रत्येक ठोका जाळीवर ओढून सरळ करू शकतं, तो ते करू द्यायचा नाही. स्नेअर केसभर आधी, किक केसभर उशिरा. तबलजी सम गाठण्याआधी जरा रेंगाळतो तेव्हा जे वाटतं, त्याच जातीचं हे आहे. त्याचं बीट रचायचं मशीन, एमपीसी-३०००, आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवलेलं आहे.

मॅडलिबचं आपल्याशी नातं आहे. ‘बीट कंडक्टा इन इंडिया’ (२००७) हा अख्खा अल्बम त्याने जुन्या हिंदी सिनेमांच्या रेकॉर्डींमधून कापला आहे. चोरबाजारात आपण ज्या थप्प्या ओलांडून पुढे जातो, त्यांच्यातच त्याची खाण. गंमत म्हणजे आपल्याला तो ऐकणं जड जातं. मूळ गाणं ओळखू आलं की मन पुढची ओळ गायला लागतं आणि त्याने ती नेमकी कापलेली असते.

---

खडखडाट

सॅम्पलचा विषय निघालाच आहे तर पैशांची बाजूही. ‘थोडा रेशम लगता है’ हे लताबाईंनी गायलेलं, बप्पी लाहिरींचं गाणं (ज्योती, १९८१). २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्स या गायिकेच्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’मध्ये डीजे क्विकने ते लांबलचक वापरलं, परवानगी न घेता. प्रकरण अमेरिकेच्या कोर्टात गेलं आणि लाहिरींचं नाव दिल्याशिवाय अल्बम विकू नका असा आदेश निघाला.

त्यांचे त्यांनाही फटके बसले आहेत. १९९१ च्या डिसेंबरात बिझ मार्कीच्या खटल्यात कोर्टाने सांगितलं की न विचारता सॅम्पल घेणं म्हणजे चोरी. त्याआधीचे अल्बम, म्हणजे पब्लिक एनिमीचा ‘इट टेक्स अ नेशन’ (१९८८) किंवा बीस्टी बॉइजचा ‘पॉल्स बुटीक’ (१९८९), एका गाण्यात डझनभर तुकडे रचायचे. तो प्रकार त्यानंतर परवडेनासाच झाला. म्हणून १९८८-८९ चे अल्बम इतके दाट आणि १९९३-९४ चे एक-दोन लुपांवर उभे. आवड बदलली असं लोक लिहितात, पण वकिलाची फीही बदलली.

डे ला सोलचा ‘थ्री फीट हाय अँड रायझिंग’ (१९८९) याच भानगडींमुळे वर्षानुवर्षं स्ट्रीमिंगवर नव्हता. ३ मार्च २०२३ ला आला. आता आहे तर ऐकून घे. अल्बममध्ये स्किट घालायची सवय लोकांना त्यानेच लावली, त्याबद्दल त्याला माफ करायचं की नाही ते तू ठरव.

---

पेठेतून_मुंबईत

शेवटच्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही, म्हणून मी घालतो.

डिव्हाइनचे ‘कोहिनूर’ (२०१९), ‘पुण्य पाप’ (२०२०) आणि ‘गुनहगार’ (२०२२) हे तीन सलग घे. माझ्या मते मधला सर्वांत अल्बमसारखा आहे, कारण पाप-पुण्याचा धागा शेवटपर्यंत सुटत नाही. ‘३:५९ एएम’ तिथलंच. ‘कोहिनूर’मध्ये गाणी चांगली पण एकमेकांना न ओळखणारी. ‘गुनहगार’ परदेशी पाहुण्यांनी भरला आहे. ‘बाजीगर’मध्ये सिनेमातला सूर आणि आर्मानी व्हाइट ही जोडी चपखल बसते, बाकी पाहुणे आले नि गेले. नेझीचा ‘मगरिब’ही (२०२०) ऐक. नेझीची जीभ डिव्हाइनपेक्षा चपळ आहे हे माझं मत, मारामारी करायची असेल तर वेगळा धागा काढा.

मुंबईचं खरं बहुभाषी काम बघायचं तर स्वदेसी हा गट. ‘चेतावनी’ (२०२०). मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली एकाच अल्बममध्ये आणि भाषा बदलते तेव्हा तालाचा स्वभावही बदलतो. गुजरातीतला टॉड फॉड मार्च २०२२ मध्ये, चोविसाव्या वर्षी गेला. मराठीसाठी एमसी मवाली आणि अमरावतीचा १००आरबीएच, दोघांनाही कान दे. स्वदेसीच्याच ‘द वारली रिव्होल्ट’मध्ये (२०१९) आरेचे प्रकाश भोईर आहेत. पाड्यावरचा आवाज सजावट म्हणून घेतलेला नाही, गाणं त्याच्यावर उभं आहे.

दिल्लीचे दोन, कारण ते टाळून आपल्याकडच्या अल्बमबद्दल बोलताच येत नाही. प्रभ दीपचा ‘क्लास-सिख’ (२०१७, पंजाबी) आणि सीधे मौतचा ‘बयान’ (२०१८). दोन्हींच्या बीट सेझ ऑन द बीटच्या. अल्बमला एकच हात असला की काय होतं ते इथे कळतं. ‘मेरे गली में’ची बीटही त्याचीच होती.

आता मराठी. मराठीत सुटी गाणी भरपूर, अल्बम कमी. आणि नवीन पोरांचं कुठे चुकतं ते सांगतो. मराठीत यमक फुकट मिळतं. येतो, जातो, खातो, गातो. हे यमक नव्हे, हे व्याकरण. क्रियापद ओळीच्या शेवटी येतं आणि प्रत्यय आपोआप जुळतो. आठ ओळी ‘तो’वर संपल्या की कान झोपतो. ‘पुलाखाली’ला ‘उलाढाली’ भिडव, चार अक्षरांना चार अक्षरं, आणि तीही ओळीच्या मध्ये. क्रियापद पुढे ओढ, शेवटी नाम ठेव. आणि आपल्याकडची द्वित्तं वापर. ‘खड्डा’, ‘धक्का’, ‘पत्ता’ यांतलं जोडाक्षर बरोबर स्नेअरवर बसवलं की ड्रम कमी लागतात. ही सोय इंग्रजीला नाही.

बाकी ‘पोवाडा म्हणजे आपला रॅप’ हे वाक्य कृपया बंद करा. शाहीर डफावर गोष्ट सांगतो, चढत्या चालीत गातो, त्याचा घाट वेगळा. एक गोष्ट मात्र खरोखर जुळते. मागचे झीलकरी ‘जी जी र जी’ धरतात ना, ओळ संपल्यावर श्वासाची जागा भरतात, रॅपमधल्या अ‍ॅड-लिबचं (ओळींमधल्या आरोळ्यांचं) काम तेच. तेवढं चोरा.

---

कट्ट्यावरची_ताई

‘क्रियापद पुढे ओढ’ याला +१. पण दादा, क्रियापद पुढे ओढलं की बोलणं कवितेसारखं कृत्रिम वाटायचाही धोका असतो. १००आरबीएच वऱ्हाडी बोलीच्या जोरावर निभावून नेतो, कारण बोलीत शब्द मागेपुढे झालेले आपल्याला खपतात. प्रमाण मराठीत तेच केलं तर शाळेच्या स्नेहसंमेलनातली कविता होते.

---

डोंबिवली_स्लो

मजा आली वाचायला. मग पहिला आठवडा असा लावतो: सोमवारी लो एंड थिअरी, मंगळवारी डेटोना आणि लगेच इलमॅटिक, बुधवारी मॅडव्हिलनी (फोन खिशात), गुरुवारी चेतावनी, शुक्रवारी केंड्रिकचा ‘टू पिंप अ बटरफ्लाय’. चालेल?

---

साडेसोळा_बार

चालेल, फक्त शुक्रवारचं गणित चुकतंय. ‘टू पिंप अ बटरफ्लाय’ (२०१५) ७९ मिनिटांचा आहे आणि तुझा प्रवास ७५ चा. इतर कुठल्या अल्बमला चार मिनिटं कापली तर बिघडत नाही, इथे बिघडतं. अल्बमभर तो एक कविता थोडी थोडी वाढवत नेतो, दर वेळी एक-दोन ओळी जास्त. शेवटचा ट्रॅक बारा मिनिटांचा आहे. त्यात ती कविता पूर्ण होते आणि मग कळतं की ती कोणाला वाचून दाखवत होता: दिवंगत रॅपर टुपाकला. त्याच्या १९९४ च्या मुलाखतीतला आवाज घेऊन समोरासमोर संवाद रचला आहे. तो संवाद ज्या तऱ्हेने तुटतो, तो क्षण सीएसएमटीच्या गर्दीत धक्के खात ऐकायचा नाही.

त्यामुळे शुक्रवारी फलाटावर गाडीची वाट बघतानाच सुरू कर, चार-पाच मिनिटं आधी. पूल चढताना-उतरताना मात्र एक कान मोकळा ठेव.

---

चोरबाजार_तेहतीस

आणि स्लो लेट झाली तर बरंच. पहिल्याच गाण्यात थंडरकॅटचा बास आहे, तो दोनदा ऐकायला मिळेल. १९० एमबी लागतील, गुरुवारी रात्रीच डाऊनलोड कर.